कॉन्सेप्टटू रोअर: मॉनिटरवर पट्टी चिकटवून वापरायच्या मशीनचा रिव्ह्यू

आधीच सांगते, नवीन मशीन घ्यायचं का या विचारात असाल तर इथे थोडंफार कामाचं मिळेल, पण मी लिहितेय ते मुख्यतः अशा लोकांसाठी ज्यांच्या घरात रोइंग मशीन (बसल्या जागी वल्हवायचा व्यायाम करायचं मशीन) ऑलरेडी आहे, एकेकाळी रोज पहाटे उठून मारलंय, आणि आता त्या खोलीत शिरलं तरी पोटात गोळा येतो. मशीनला काही झालेलं नसतं, आपलाच रस संपलेला असतो. माझा संपला होता, आता बऱ्यापैकी परत आलाय, आणि त्यात मशीनचा हात किती आणि माझा किती हे वापरून वापरून कळलं म्हणून हा प्रपंच.

मशीन म्हणजे कॉन्सेप्टटूचं रोअर्ग, ज्याला जुने लोक अजून मॉडेल डी म्हणतात, 2021 साली नाव बदललं, बाकी वस्तू तीच. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये डिक आणि पीट ड्रायसिगॅकर या दोन भावांनी 1976 साली वल्ही बनवायला सुरुवात केली आणि 1981 मध्ये पहिलं रोइंग मशीन काढलं, त्याला चक्क सायकलचं चाक होतं. आजही तत्त्व तेच आहे. हँडल ओढलं की चेन पुढच्या जाळीतलं पंख्यासारखं चाक फिरवते, हवा त्या चाकाला अडवते, जितक्या जोरात ओढाल तितकी हवा जास्त अडवणार. मोटर नाही, प्लग नाही. मॉनिटरला टॉर्चचे ते मोठे सेल लागतात दोन, आणि तुम्ही रो करत असताना मॉनिटर चाकातूनच वीज घेतो त्यामुळे सेल खूप टिकतात. लाइट गेली तरी हे चालू असतं. पंखा मात्र बंद होतो आणि मे महिन्यात ठाण्यात घोडबंदर रोडला पंख्याशिवाय रोइंग म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

जागेचं पहिले सांगून टाकते कारण सगळे तेच विचारतात. लांबी 244 सेंटीमीटर, म्हणजे आठ फूट, रुंदी दोन फूट, वजन 26 किलो. कंपनी म्हणते वापरताना नऊ बाय चार फूट मोकळी जागा पाहिजे, आमच्या टूबीएचकेच्या बेडरूममध्ये कपाटाचं एक दार अर्धंच उघडतं, चालतंय. मधून दोन तुकडे होतात, पाना-स्क्रूड्रायव्हर काही लागत नाही, त्यामुळे लिफ्टमधून आरामात वर येतं, वॉचमन दादांनी एक तुकडा आणि नवऱ्याने दुसरा असं आणलं. आवाज आहे, खोटं कशाला बोलू, जोरात मारलं की टेबल फॅन फुल्ल स्पीडला ठेवल्यासारखा घोंगाट होतो आणि शेजारच्या खोलीत झोपलेला माणूस उठतो. खालच्या मजल्याला मात्र त्रास नाही कारण उडी-आपट काही नसते, ट्रेडमिलसारखी धडधड नाही.

आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, हा प्रकार अजून पटलेला नाही. "अगं एवढं वल्हवतेस, पोचतेस कुठे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तर आता मॉनिटर. पीएम5 नाव त्याचं. या मशीनची जी काय इज्जत आहे ती याच्यामुळे आहे, आणि माझ्या मते लोकं रोइंगला वैतागतात तेही याच्यामुळेच. तो तुमचा स्पीड दाखवतो "500 मीटरला किती वेळ" या हिशोबात, त्याला सगळे स्प्लिट म्हणतात. प्रत्येक स्ट्रोकला नवीन आकडा. आणि तो खरा असतो, म्हणजे ठाण्यातल्या मशीनवर 2:15 (दोन मिनिटं पंधरा सेकंद) म्हणजे लंडनमधल्या मशीनवरही 2:15च, कारण चाक दोन स्ट्रोकच्या मध्ये किती पटकन मंदावतं त्यावरून तो हवेचा अडथळा दरवेळी नव्याने मोजतो. ट्रेडमिलवर थापा मारता येतात, सायकलवर उतार मिळतो, इथे काही नाही. सुरुवातीला हेच जाम आवडतं. रोज काहीतरी कमी होतं, 2:30चं 2:25 होतं, 2:25चं 2:20, डोक्यात हवा जाते. मग एक दिवस कमी व्हायचं थांबतं. आणि तिथून पुढे तोच आकडा दर दोन-तीन सेकंदांनी समोरून सांगत राहतो की तू कालच्यापेक्षा हळू आहेस, तू कालच्यापेक्षा हळू आहेस, आणि हे ऐकत (बघत) तुम्ही अर्धा तास बसायचं, तेही सकाळी साडेपाचला, नंतर तयार होऊन ट्रान्सहार्बरची गर्दी खात ऐरोलीला ऑफिसला जायचं, रात्री उशिरा झोपायचं, परत साडेपाच.

बर्नआउट म्हणजे आळस नव्हे हे घरच्यांना समजावणं अवघड जातं. आळशी माणसाला न करण्यात मजा येते, इथे न केलं तर अपराधी वाटतं आणि केलं तर रडू येतं. झोप लागत नाही, सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा फास्ट, चिडचिड, पाय जड, आणि मेहनत वाढवली की आकडा अजून खराब. खेळाच्या शास्त्रात याला ओव्हररीचिंग म्हणतात, थोडं असेल तर काही दिवस विश्रांती घेतली की उलट फायदा होतो, जास्त खेचलं तर सावरायला आठवडे, महिने लागतात. आणि एक, थकवा जातच नसेल तर आधी डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासा, हिमोग्लोबिन, थायरॉईड, कारण सगळा दोष ट्रेनिंगवर टाकून घरात बसण्यात अर्थ नाही. माझे रिपोर्ट नॉर्मल होते. म्हणजे निदान काय तर, प्रत्येक दिवशी परीक्षा दिली. जिथे शिकले त्या जिममध्ये (नाव नको) पद्धतच तशी होती, आलात की 2000 मीटर, फळ्यावर टाइम लिहायचा, दुसऱ्या दिवशी त्याच्या खाली यायचं. 2000 मीटर हे रोइंगच्या रेसचं अंतर आहे हो, ऑलिंपिकवालेही ते रोज जीव तोडून मारत नाहीत. स्टीफन सायलर म्हणून एक संशोधक आहेत नॉर्वेत, त्यांनी वरच्या लेव्हलच्या रोइंग आणि स्कीइंगवाल्यांचं ट्रेनिंग तपासलं तर साधारण 80 टक्के सेशन्स हे लोक एकदम सोप्या गतीने करतात, गप्पा मारता येतील अशा. उरलेली थोडी जोरात. आपण हौशी लोक नेमकं सगळं मधल्या गतीने करतो, सोपं म्हणावं तर दम लागतो आणि जोरात म्हणावं तर तेवढं जोरातही नाही.

आता पट्टीचं. इलेक्ट्रिशियनची काळी टेप घेतली आणि मॉनिटरवर जिथे स्प्लिट येतो त्या ओळीवर चिकटवली. बस. लाखाच्या वर किंमत असलेल्या मशीनचा सगळ्यात भारी भाग झाकून टाकला म्हणून नवरा हसला, हसू दे. खालच्या भागात फोर्स कर्व्ह म्हणून एक स्क्रीन लावता येते, तुम्ही हँडल ओढता तेव्हा जोर कसा चढतो-उतरतो त्याची रेघ काढते ती. ती रेघ गुळगुळीत टेकडीसारखी यायला हवी. पायांनी ढकलून झाल्यावर पाठ उशिरा आली की मध्ये खड्डा पडतो, हात आधीच वाकवले तर वेगळीच दोन टोकं दिसतात. पाय, मग पाठ, मग हात, परत येताना उलटं, हात, पाठ, पाय, हा क्रम सगळे सांगतात पण आपण चुकतोय हे स्वतःला दिसतं ते या रेघेत. मला परत आणलं ते या रेघेने. वेगाचा विषयच नाही, मिनिटाला 18-20 स्ट्रोक, रेघ नीट काढायची, दहा मिनिटं झाली की उठायचं, अजून करावंसं वाटलं तरी उठायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. दुसऱ्या दिवशी स्वतःहून जाऊन बसावंसं वाटलं पाहिजे, त्यासाठी आदल्या दिवशी थोडी भूक ठेवून उठावं लागतं. काही आठवडे एवढंच केलं, वीस मिनिटांपर्यंत नेलं, मध्ये कंटाळा आला तेव्हा येऊरच्या जंगलात चालायला गेले आणि मशीनला हात नाही लावला.

टेप काढली तेव्हाही स्प्लिटवर नाही गेले, मॉनिटर वॅट्सवर टाकला. बटण दाबलं की युनिट बदलतं. वॅट्सचा फायदा असा की तो स्प्लिटइतका लोभ लावत नाही, कारण हिशोब सरळ नाहीये, वेग वाढवायला लागणारी ताकद घनाने वाढते. 2:30 म्हणजे साधारण 104 वॅट, 2:10 म्हणजे 159. बघा, स्प्लिटमध्ये नुसते वीस सेकंद दिसतात, पण काम दीडपट झालेलं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की "पाच सेकंद तर कमी करायचेत" असं म्हणायची हिंमत होत नाही. कॅलरीचं युनिट पण आहे, त्याच्या नादी लागू नका, तो साधारण 79 किलोच्या माणसाचा हिशोब दाखवतो, तुम्ही 55 किलोचे असा नाहीतर 95चे.

छातीला लावायचा हार्ट रेटचा पट्टा असेल तर ब्लूटूथने जोडता येतो, आणि आपल्या हवेत तो खूप कामाचा आहे. ठाण्यात एप्रिल-मे आणि परत ऑक्टोबरमध्ये जी चिकचिक असते त्यात घाम सुकतच नाही, शरीर थंड व्हायला रक्त त्वचेकडे जातं, आणि तेवढाच वेग ठेवूनही नाडी वर वर चढत जाते. जानेवारीत ज्या वॅट्सला मी आरामात फोनवर बोलते त्याच वॅट्सला मेमध्ये नाडी पंधरा-वीसने वर. आकडा बघणारा म्हणणार फिटनेस गेला. गेला नाही हो, हवा बदलली. त्यामुळे उन्हाळ्यात वॅट्स पण बघू नका, नाडी बघा, पट्टा नसेल तर बोलून बघा. माझी टेस्ट म्हणजे आईंशी स्वयंपाकाच्या बाईंच्या सुट्टीवरून पूर्ण वाक्यात वाद घालता आला पाहिजे. एका एका शब्दावर आले तर हळू करायचं.

डँपर. जाळीच्या बाजूला 1 ते 10 असा खटका असतो तो, चाकाकडे हवा किती जाईल ते ठरवणारा. जिममध्ये तो कायम 10 वर सापडतो, कोणीतरी दणकट दादा करून गेलेला असतो. 10 म्हणजे जास्त व्यायाम असं नाहीये, तो सायकलच्या गिअरसारखा आहे, जड गिअर टाकून हळू पॅडल मारलं म्हणजे तुम्ही फास्ट झालात असं नाही, फक्त कंबर दुखेल. 3 ते 5 मध्ये ठेवा. खरा आकडा ड्रॅग फॅक्टर, म्हणजे हवेचा अडथळा प्रत्यक्षात किती आहे तो, मेनूमध्ये "मोअर ऑप्शन्स"मध्ये आहे, थोडं ओढलं की दिसतो, 100 ते 125-130 मध्ये बहुतेकांचं भागतं, बायकांनी खालच्या बाजूला ठेवलं तरी चालतं. आणि इथे घोडबंदरची खास गोष्ट, धूळ. मेट्रोचं काम, टॉवरची कामं, ट्रकची वर्दळ, खिडकी उघडी ठेवली की दोन दिवसात जाळीवर थर. जाळी बुजली की हवा कमी आत जाते, ड्रॅग फॅक्टर पडतो आणि 4 वर ठेवलेला खटका 2 सारखा लागायला लागतो. लोक म्हणतात मशीन ढिलं झालं. व्हॅक्यूमने जाळी साफ करा आधी. सीट ज्या रेलवर फिरते ती प्रत्येक वेळी पुसायची, नाहीतर चाकांना काळा मळ धरतो आणि सीट अडखळते. चेनला साधारण दर 50 तासांनी हलकं मिनरल तेल, फडक्यावर घेऊन पुसायचं, गंज काढायचे स्प्रे असतात ते मारायचे नाहीत. पावसाळ्यात मी जरा लवकरच लावते.

एकटीने करण्यावरून एक. आपल्याकडे रोइंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर ठाण्यातल्या तलावपाळीची बोट येते, फार तर पुण्याच्या सीओईपी कॉलेजचं रिगाटा, म्हणजे बोटींचा कार्यक्रम. पण दत्तू भोकनळ आपल्या महाराष्ट्राचा, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या रेसला, 13वा आला होता. 2018 च्या एशियन गेम्सला पालेमबांगमध्ये सिंगलच्या फायनलला अंगात ताप होता, शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या बोटीत बसला आणि गोल्ड. मला त्यातलं ते "चौघांच्या" जास्त लागलं. आमच्याच बिल्डिंगमधली एक मैत्रीण रविवारी येते, आम्ही आळीपाळीने 500-500 मारतो, एकीचं चालू असताना दुसरी जमिनीवर बसून बडबड करते, तिचा स्प्लिट माझ्यापेक्षा बराच खराब आहे आणि तिला त्याचं काही पडलेलं नाही, तिला नंतर मामलेदारची मिसळ खायला जायचं असतं. आठवड्यातलं सगळ्यात जोरात माझं त्याच दिवशी होतं, आणि दुखत नाही.

कंपनीचं ऑनलाइन लॉगबुक फुकट आहे, एर्गडेटा नावाचं अ‍ॅप फोनवर टाकलं की मीटर आपोआप चढतात. त्यात जगभरातल्या लोकांची रँकिंग असते, वय आणि वजनाप्रमाणे. बर्नआउटमधून येणाऱ्यांनी तिकडे फिरकूच नका. रँकिंगमध्ये टाकणं सक्तीचं नसतं, आपण टाकलं तरच जातं, त्यामुळे नुसते मीटर साठवत राहा. त्यांचं वर्ष 1 मे ला सुरू होतं आणि 30 एप्रिलला संपतं, म्हणजे महाराष्ट्र दिनाला सगळ्यांचे सीझनचे मीटर शून्य. सुट्टी पण असते. मी त्या दिवशीपासून नव्याने मोजायला घेतलं, मागच्या सीझनचे चांगले टाइम आहेत तिथे पडून, त्यांना हात लावला नाही. वर्षाच्या शेवटी त्यांचं हॉलिडे चॅलेंज असतं, अमेरिकेच्या थँक्सगिव्हिंगपासून 24 डिसेंबरपर्यंत 100 किलोमीटर नाहीतर 200. यात फक्त अंतर बघतात, वेग नाही, हळू मारलेला मीटर आणि जोरात मारलेला मीटर सारखाच. 100 वालं दिवसाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास पडतं, सावकाश होतं. 200 चा मोह होईल, पहिल्या वर्षी नको.

मॉनिटरमध्ये गेम्स पण आहेत, मी आधी कधी उघडले नव्हते, मुलाने शोधले. एक माशाचा आहे, जोरात ओढलं की मासा वर जातो, हळू केलं की खाली, छोटे मासे खायचे, मोठ्यांपासून वाचायचं. ग्राफिक्स म्हणाल तर आपल्या लहानपणीच्या व्हिडिओ गेमच्या लायकीचे. पण घरात त्यावरून मारामाऱ्या होतात आणि आईसुद्धा खुर्चीवर बसून "वर घे, वर घे" करतात.

आता तक्रारी. सीट कडक आहे, अर्ध्या तासानंतर बसायचा भाग बधिर होतो, योगा मॅट दुमडून ठेवली तर बरं, पण घसरते. सीटची उंची जमिनीपासून 14 इंच, गुडघे दुखणाऱ्यांना उठताना त्रास होतो. उंच पायांचं मॉडेल येतं 20 इंचांचं, घरात ज्येष्ठ कोणी वापरणार असतील तर तेच घ्या, पैसे जास्त जातात. हाताला घट्टे पडतात, सुरुवातीला फोडही येतात, हँडल फार घट्ट धरू नका. मॉनिटरची स्क्रीन 2025-26 च्या मानाने अगदी ब्लॅक अँड व्हाइट जमान्यातली वाटते, मोठी रंगीत स्क्रीन आणि कोणीतरी ओरडून प्रोत्साहन देणारा कोच पाहिजे असेल तर हे मशीन तुमच्यासाठी नाही. मला विचाराल तर बर्नआउट झालेल्या माणसाला कोणी ओरडणारं समोर नकोच.

पाण्याच्या टाकीवाली मशीन दिसायला सुंदर, आवाज छान, पण त्यावरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आकड्यांपासूनच लांब जायचं असेल तर तो प्लस पॉइंट आहे की हो. वीस-पंचवीस हजारांची मॅग्नेटिक मशीन मात्र उंच माणसांना आखूड पडतात, पाय पूर्ण सरळ होत नाहीत, आणि ओढताना जो जोर पाहिजे तो नसतो. फक्त थोडं हलायचं असेल तर चालेल.

नवीन घेणं जड जात असेल तर सेकंडहँड शोधा, ठाणे-नवी मुंबईत लोकं उत्साहात घेतात आणि मग फ्लॅट बदलताना विकतात. पण भाव फार उतरत नाही हे लक्षात ठेवा, वस्तू टिकते म्हणून. बघायला जाल तेव्हा स्वतः दहा मिनिटं बसून मारून बघा, खटका 10 वर ठेवून ड्रॅग फॅक्टर बघा, फार कमी येत असेल तर आत धूळ भरलेली आहे, तेवढं चालतं, साफ होतं. चेनला गंज आणि रेलच्या स्टीलच्या पट्टीवर चरे असतील तर भाव करा. आजवर एकूण किती मीटर झालेत ते मॉनिटर सांगतो, पण तो मॉनिटरचा हिशोब असतो, मॉनिटर मध्येच बदललेला असेल तर मशीनचं खरं वय कळणार नाही, ते सरळ विचारा. आणि टेम्पोत टाकायच्या आधी दोन तुकडे वेगळे करून बघा.